लेत्सोपांच्या घरची भिंत

हाताने केलेलं लग्न जन्मभर टिकतं, कारण त्यात माणसाचा जीव उतरलेला असतो.

हे वाक्य लिनेओने ब्लोमफाँटेनमधल्या एका बसथांब्यावर फोनमध्ये वाचलं आणि बस यायच्या आत आपलं लग्न तसंच करायचं ठरवूनही टाकलं. सप्टेंबरात, वसंतात, पीचची झाडं फुलतील तेव्हा, माहेरच्या अंगणात, सगळं हाताने. भाड्याचा तंबू नको, खुर्च्यांना सॅटिनचे झगे नकोत, प्लास्टिकची फुलं तर नकोतच. हा निरोप हा-मोसिली गावात पोचला आणि बायकांचे चेहरे पडले. त्या गावात आजवर झालेलं प्रत्येक लग्न हातानेच झालं होतं, कारण दुसरं काही कुणाला परवडलंच नव्हतं. एक पोर शहरात नोकरीला लागली, तेव्हा कुठे त्यांनी सॅटिनच्या झग्यांवर आशा ठेवली होती.

"इतकी शिकली," लिनेओची आत्या मात्सेलिसो म्हणाली, "आणि शेवटी लग्न आमच्यासारखंच करायचं म्हणते. मग शिकली कशाला?"

भिंतींच्या बाबतीत मात्र दुमत नव्हतं. लग्नघराच्या भिंती नव्याने लिंपायच्या आणि ओल्या असतानाच त्यांच्यावर नक्षी ओढायची, ही रीत फोनच्या आधीची. आणि त्या भागात भिंत म्हटलं की एकच नाव निघायचं, ओढ्यापलीकडच्या केनेवेचं. तिने हात फिरवलेली भिंत म्हणजे नांगरलेलं शेत कुणीतरी अलगद उचलून उभं करून ठेवावं, अशी. सकाळच्या उन्हात तिच्या रेघा वेगळ्या दिसत, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वेगळ्या. लोक वाट वाकडी करून बघायला येत, आणि आलोच आहोत म्हणून चहाही पिऊन जात. त्यामुळे केनेवेकडून भिंत करून घ्यायची, तर साखर जरा जास्त आणून ठेवावी लागे.

लग्नाला दोन आठवडे असताना ती ओढ्याच्या दरडीत माती काढायला बसली होती. डोंगराच्या माथ्यावर बर्फाची शेवटची चिंधी अजून लटकत होती. खाली मात्र पीचची झाडं पानांची वाट न बघता गुलाबी होऊन बसली होती. केनेवेच्या आईची एक सवय होती, ती केनेवेने जशीच्या तशी उचलली होती. कुदळ मारायच्या आधी चिकणमातीला नावाने हाक मारायची. न विचारता काढलेली माती भिंतीला धरत नाही, असं आई म्हणायची. आई गेली. हाक राहिली.

"लेत्सोपा," केनेवेने दरडीला हाक मारली.

"काय?" मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. वाटेवर एक उंच माणूस उभा होता. चाकांची बॅग त्याने डोक्यावर घेतली होती, कारण त्या वाटेवर चाकांचं काही चालत नाही. अंगावर कोरं करकरीत कांबळं होतं आणि पायांत पांढरे बूट, म्हणजे एव्हाना पांढरे राहिले नव्हते.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. "मी मातीला म्हटलं."

"हां... मला वाटलं मला."

"तुम्ही माती आहात का?"

"तसं म्हणणारे आहेत काही लोक."

केनेवेने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि तिची नजर कांबळ्यावर अडली. "भाऊ, तुमचे पट्टे आडवे पडलेत."

त्याने स्वतःकडे पाहिलं. "आडवे नसतात?"

"उभे असतात. आडव्या पट्ट्यांनी फिरणारा माणूस वाढत नाही."

"मी सहा फूट आहे, ताई."

"म्हणूनच सांगतेय. तेवढ्यावरच थांबाल."

त्याने बॅग खाली ठेवली आणि कांबळं फिरवायला घेतलं. एक टोक काखेत अडकलं, दुसरं मातीत लोळलं, आणि थोड्या वेळाने त्याची फक्त टोपी बाहेर राहिली. केनेवेचे हात कोपरांपर्यंत चिखलाने भरलेले. म्हणून ती उठली आणि कोपरांनीच त्याला ढकलत, वळवत, एक टोक हनुवटीखाली धरून तिने ते कांबळं त्याच्या अंगावर सरळ केलं. उजव्या खांद्यावरची पिन लावायला तिने त्याला सांगितलं. ती लावताना त्याचं बोट टोचलं. त्याचा श्वास जरा चुकला — पिनेमुळे असेल.

"कुणाचं घर लिंपताय?" त्याने विचारलं.

"न्ताते लेत्सोपांचं. मुलीचं लग्न आहे."

"बरी माणसं आहेत?"

"म्हातारबुवा सोनं आहेत. मुलगी फोनमध्ये असते. एक मुलगाही आहे म्हणे, तिकडे ब्लोमफाँटेनलाच. शीतगृहातली यंत्रं सांभाळतो."

"कसा आहे?"

"भिंतीवरच्या फोटोत बरा दिसतो," केनेवे पुन्हा दरडीपाशी बसत म्हणाली. "पण फोटोत तो आठवीत आहे."

मातीचं पोतं त्याने उचललं. सहा फूट माणूस, डोक्यावर बॅग, खांद्यावर पोतं, पट्टे उभे. घर येईपर्यंत तो मनातल्या मनात हसत होता, की हिला कसं फसवलं. अंगणात पीचखाली खुर्ची टाकून बसलेले न्ताते लेत्सोपा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "रापेलांग, आलास का रे पोरा?" तेव्हा त्याने केनेवेकडे मोठ्या ऐटीत वळून पाहिलं.

"मातीच्या नावाला ओ देणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या घरचा असणार?" ती म्हणाली. "पोतं तिकडे सावलीत ठेवा, भाऊ."

न्ताते हा वडीलधाऱ्यांसाठीचा मान; लेत्सोपा, म्हणजे चिकणमाती, हे नाव त्यांना पडलं होतं, कारण त्यांच्या आईला कळा सुरू झाल्या त्या मातीच्या दरडीतच. त्यांच्या मुलखात नावं अशीच पडतात. जन्माच्या वेळी जे हाताशी असेल, ते आयुष्यभर पाठीशी. अडुसष्ट वर्षं या नावाने कुणाचं काही अडलं नव्हतं. केनेवे अंगणात कामाला लागल्यावर अडायला लागलं.

"आत्या, लेत्सोपा आणा," केनेवे शिडीवरून म्हणे.

"हो?" पीचखालून आवाज येई, आणि न्ताते उठत.

"तुम्ही नाही, न्ताते. माती."

"असू दे. उठलोच आहे तर बघतो." ते भिंतीपाशी येत, रेघांवरून दुरूनच बोट फिरवत, मान डोलावत आणि परत जाऊन बसत. ते बसतात न बसतात तोच, "हा लेत्सोपा फार कडक झालाय, जरा तुडवायला हवा."

"हो?"

त्यांच्या कानांत दोष नव्हता, हीच अडचण होती. मात्सेलिसो आत्या शेण आणि माती पायांनी कालवता कालवता म्हणे, "डॉक्टरने चालायला सांगितलं तेव्हा हा माणूस खुर्चीतून हलला नाही. ही पोरगी त्याला दिवसभर कवायत करायला लावतेय. देवाने पाठवली."

आत्या स्वतः नावांच्या बाबतीत अनुभवी होती. तिच्या सासऱ्यांचं नाव होतं पुला, म्हणजे पाऊस. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्या नावाचा शब्दही तोंडातून काढायचा नाही, ही तिथली रीत. सासरे जाऊन वीस वर्षं झाली, पण आत्याच्या तोंडून पाऊस कधी पडला नाही. ती त्याला 'वरची मंडळी' म्हणायची. "यंदा वरची मंडळी उशिरा येणार," ती आभाळाकडे बघून म्हणे, आणि अख्ख्या गावाला कळे.

रापेलांगला सुट्टी होती आणि काम नव्हतं, म्हणजे प्रेमात पडायला लागतं ते सगळं होतं. दुसऱ्या दिवशी तो पाणी भरून देऊ लागला. तिसऱ्या दिवशी त्याने शिडी धरली, जी भिंतीला टेकलेली आणि अगदी पक्की होती. चौथ्या दिवशी केनेवेने त्याच्या हातात जेवणाचा काटा दिला.

"चार चौकोन मिळून एक फूल," ती म्हणाली. "हा चौकोन डावीकडे बघतो, तर शेजारचा उजवीकडे. आरशात बघितल्यासारखा. काटा जोरात दाबायचा नाही. माती आपणहून बाजूला होते."

मग तिने एक चौकोन करून दाखवला. तिचा हात वर गेला, वळला, खाली आला. मनगट वळलं तेवढंच दिसलं, आणि भिंतीवर चार समांतर रेघा पाण्यावरच्या लाटेसारख्या उमटून गेल्या. पहिली रेघ आणि शेवटची रेघ यांच्यात केसाइतकाही फरक नव्हता. रापेलांगने शीतगृहात मोजमापाची पुष्कळ उपकरणं पाहिली होती. यातलं एकही उपकरण असं गुणगुणत नव्हतं, आणि कुणाच्याच कानामागे मातीचा एवढासा ठिपका वाळलेला नव्हता. त्याला तो ठिपका पुसावासा वाटला. हातात काटा होता, म्हणून वाचला.

त्याने वळचणीखालच्या कोपऱ्यात आपला पहिला चौकोन ओढला. मग शेजारचा ओढला — तोही डावीकडेच बघणारा. मग तिसरा, चौथा. चारही चौकोन एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले, वाऱ्याने पाठ फिरवलेल्या मेंढरांसारखे.

केनेवे मागे सरून बघत राहिली. "हे फूल नाही."

"मग काय आहे?"

"फूल कुठेतरी निघालंय."

"पुसू?"

"नको," ती म्हणाली. का नको, ते तिने सांगितलं नाही, आणि त्याने दोन दिवस त्याचाच विचार केला.

इकडे लिनेओचं हातकाम सुरूच होतं. पीचचा मुरंबा, एवढ्या एवढ्या बाटल्यांत. आल्याचं सरबत, मातीच्या मडक्यांत. आणि प्रत्येक पाहुण्याची जागा ठरवायला ओढ्यातला एकेक गोटा, त्यावर रंगाने त्याचं नाव. "हे असं वैयक्तिक असतं," ती म्हणायची. "पाहुण्याला वाटतं, आपली आठवण ठेवली."

"आम्ही न बोलावता येतो," आत्या म्हणाली. "आमची आठवण कोण विसरतोय?"

मंगळवारी दुपारी भिंतीचा शेवटचा पट्टा राहिला होता. आत्या चूल बघायला आत गेली होती, न्ताते खुर्चीतच डुलकी घेत होते. वाऱ्याने पीचच्या पाकळ्या उडून ओल्या भिंतीला चिकटत होत्या, आणि केनेवे त्या नखाने एकेक काढत होती.

"सोमवारी मी जातो," रापेलांग म्हणाला.

"हं."

"शीतगृहात सगळं थंडच असतं. भिंतीसुद्धा. पत्र्याच्या आहेत."

"त्यांवर नक्षी?"

"कंपनीचं नाव आहे."

ती हसली. त्याने काटा खाली ठेवला.

"केनेवे..." ताई कधी गळून पडली ते दोघांनाही कळलं नव्हतं. "मी तिकडे गेलो की माझे पट्टे पुन्हा आडवे होणार. मला माझी खात्री नाही. रोज कुणीतरी बघणारं असलं, तर..."

"आरसा घ्या."

"आरशात उलटं दिसतं."

"पट्टे उलटे केले तरी उभेच राहतात."

"मी तुला विचारतोय."

"कळलं मला," ती म्हणाली. "मी वेळ काढतेय."

एक पाकळी तिने भिंतीवरून काढली आणि बराच वेळ बोटावर ठेवली. मग म्हणाली, "या घरात सून म्हणून आले, तर मला तो शब्द म्हणता येणार नाही."

"कुठला?"

"तुमच्या वडिलांचं नाव काय?"

आडव्या पट्ट्यांचा माणूस तो. खरंच विसरला होता. आठवल्यावर त्याला हसू आलं, आणि तिला आलं नाही हे बघून त्याने ते परत घेतलं.

"दुसरा शब्द काढू. आत्याने काढला तसा."

"आत्या पावसाला रोज हाक मारत नव्हत्या. ही माझ्या आईची हाक आहे. तिच्याकडून मला घर नाही आलं, गुरं नाही आली. एवढंच आलं. हाक मारल्याशिवाय माती धरत नाही."

"हे खरं असतं?"

"न मारता कधी बघितलंच नाही."

पीचखाली न्ताते झोपेत कण्हले. रापेलांगने काटा उचलला, पण रेघ ओढली नाही.

"सोमवारपर्यंत सांग," तो म्हणाला. "नाही म्हणालीस तरी... भिंत एकदा नीट बघून जाईन मी."

"तोंडानेच सांगायला हवं का?"

"म्हणजे?"

"काही नाही. काटा सरळ धर," ती म्हणाली, आणि 'भाऊ' आणि 'तुम्ही' दोन्ही तिथे गळून पडले.

गुरुवारी भिंत वाळून लोण्यासारखी झाली होती. केनेवे ओढ्याकाठी हत्यारं धूत होती, तेव्हा डोंगरामागून काळं आभाळ उतरताना तिने पाहिलं. तिने हातातलं तिथेच टाकलं आणि पळत सुटली. घरी ताडपत्री होती, घडी करून दारातच ठेवलेली. दोघांनी दोन टोकं धरली की भिंत झाकली जाणार होती, आणि घरात दोघं होतीच, भाऊ आणि बहीण.

ती पोचली तेव्हा पाऊस धो धो पडत होता. भिंतीवरून तांबडे ओघळ वाहत होते. आणि भाऊ-बहीण घराला पाठ करून फाटकात उभे होते. लिनेओने घाईघाईने नवं कांबळं पांघरलं होतं, रापेलांगच्या हातात चहाचा ट्रे होता, आणि कपांतला चहा पावसाने वाढत चालला होता. दोघंही भिजत, हसरे चेहरे करून, रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

"हे काय चाललंय?" केनेवेने विचारलं.

"आत्या म्हणाली, वरची मंडळी आली," लिनेओ म्हणाली. तिचं सासर वरच्या डोंगरांतलं होतं. "पण कुठे दिसत नाहीत."

पायरीवर मात्सेलिसो आत्या दोन्ही हात डोक्याला लावून बसली होती. "मी तीनदा ओरडले," ती म्हणाली. "वरची मंडळी आली, वरची मंडळी आली, झाका, झाका. तर ही पोरगी केस झाकायला आत गेली."

"सरळ पाऊस म्हणायचं ना, आत्या," रापेलांग म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की ट्रेमधला एक कप कलंडला.

पाऊस आला तसा गेला. भिंत धुऊन निघाली होती. दहा दिवसांचं काम तांबड्या डबक्यात दारापुढे साचलं होतं. उरलं होतं एवढंच, वळचणीखालच्या कोपऱ्यातले चार चौकोन, सगळे डावीकडे बघणारे. चांगली फुलं गेली आणि चुकलेलं राहिलं. पावसाला पारख नसते.

लिनेओ रडायला लागली. न्ताते लेत्सोपा काठी टेकत आले, उरलेल्या कोपऱ्याकडे आणि मग केनेवेकडे पाहून म्हणाले, "पोरी, आपण भिंती कशासाठी रंगवतो? पूर्वजांनी बघावं आणि पाऊस द्यावा म्हणून. माझ्या लग्नातल्या भिंतीला तीन महिने वाट बघावी लागली होती. तुझी त्यांना दहा दिवसांत आवडली."

एवढं कौतुक केनेवेचं कुणी केलं नव्हतं. तिने रापेलांगकडे पाहिलं. तो अजून ट्रे धरून उभा होता. पाणी त्याच्या टोपीवरून नाकावर, नाकावरून कपात पडत होतं. आणि अंगावर, पूर्ण भिजलेलं, पण उभ्या पट्ट्यांचं कांबळं होतं. घाईत घेतलेलं, कुणी न सांगता, नीट. मग ती घरी गेली.

शुक्रवारी सकाळी ती एकटीच दरडीत उतरली. ओढ्याला तांबडं पाणी होतं. तिचीच भिंत वाहून चालली होती. तिने कुदळ बाजूला ठेवली.

"लेत्सोपा," तिने हाक मारली, नेहमीसारखी. मग जरा मोठ्याने. मग आई मारायची तशी, शेवटचा स्वर लांबवून. मग लहान असताना आईच्या मागून मारायची तशी, बोबडी. गोड पदार्थ सोडायच्या आदल्या दिवशी माणूस पोटभर खाऊन घेतो, तसा तिने तो शब्द पोटभर म्हणून घेतला. ओढ्यापलीकडे, पीचखाली, न्ताते लेत्सोपा "हो... हो... आलो" म्हणत उठले, अंगणभर फिरले आणि कुणीच दिसत नाही म्हणून परत बसले.

मग दरडीला हात लावून म्हणाली, "आता तुला काय म्हणू?" आणि थोड्या वेळाने, "धाकटे... येऊ का गं?"

माती काही बोलली नाही. पण कुदळ लोण्यात जावी तशी गेली.

त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका मदतीला लोटल्या. लग्न उद्यावर होतं. हाताने करायचं तर आता हातच हवे होते. केनेवे शिडीवर चढली. वळचणीखालच्या त्या चार चौकोनांपाशी थांबली, आणि मग तिने ते पुसले नाहीत, की दुरुस्तही केले नाहीत. त्यांच्यापासूनच पुढे सुरू केलं. चौकोनामागून चौकोन, सगळे एकाच दिशेला. आणि बघता बघता ती चूक राहिली नाही. अख्खी भिंत हलू लागली, वाऱ्यावरच्या ज्वारीसारखी. खाली उभ्या असलेल्या बायका बोलायच्या थांबल्या, आणि हे त्या गावात सहसा होत नाही.

"आत्या," केनेवे वरून म्हणाली, "जरा ती... ती आणा."

"ती काय?"

"ती... लाल. ओली."

"लाल ओली काय असते?" आत्या वैतागली. "नीट सांग की, मला काय —"

आणि आत्या थांबली. चिखलात घोट्यापर्यंत बुडलेले पायही थांबले. तिने मान वर करून केनेवेकडे पाहिलं. केनेवे भिंतीकडे बघत होती, पण तिचे कान तांबडे झाले होते, मातीचा ठिपका सोडून.

"धाकटी," केनेवे हळूच म्हणाली. "धाकटी आणा, आत्या."

मात्सेलिसो आत्याने वाकून ओंजळ भरली आणि वर दिली. चाळीस वर्षं जिभेला लगाम घातलेली बाई ती. दुसऱ्या जिभेवर लगाम चढताना तिला कळला नाही, असं होणार नव्हतं.

रापेलांगला कळला नाही. तो दुपारपर्यंत पाणी भरत राहिला आणि दर फेरीला केनेवेकडे बघत राहिला, की ही काही बोलते का. "धाकटी सुकली." "धाकटीला जरा पाणी दाखव." "ही धाकटी छान धरतेय, बघ." त्याला वाटलं, कुणीतरी नवी बाई मदतीला आली आहे.

ऊन कलल्यावर न्ताते लेत्सोपा गुडघे चोळत म्हणाले, "आज पाय आखडलेत. सकाळी ओढ्याकडून कुणी हाका मारल्या, त्यानंतर कुणी मारल्याच नाहीत. काम थांबलंय का?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. न्तातेंनी शिडीकडे पाहिलं, निम्म्याहून अधिक झालेल्या भिंतीकडे पाहिलं, तिच्याच मातीने माखलेल्या केनेवेकडे पाहिलं, आणि म्हातारा माणूस अगदी सावकाश, कुणी हाक न मारता, खुर्चीतून उठला. त्यांनी टोपी काढली.

"काय झालं?" रापेलांगने दोन्ही बादल्या खाली ठेवत विचारलं.

"अरे खुळ्या," आत्या म्हणाली, "तिने तुला हो म्हटलं."

"कधी?"

"सकाळपासून म्हणतेय. तू पाणी वाहतोयस."

तो शिडीपाशी आला. वर बघत उभा राहिला. सहा फूट असूनही त्याला मान वर करावी लागली.

"केनेवे... खरंच?"

"शिडी धर," ती म्हणाली. "आज खरंच हलतेय."

त्याने शिडी धरली. ती दोन पायऱ्या उतरली, आणि त्याच्या कपाळावर बोटाने एक रेघ ओढली — तांबडी, ओली, उभी.

"आणि हाक?" त्याने विचारलं. "माती धरत नाही म्हणालीस ना?"

"धरली. आईने नुसतं हाक मार म्हणून सांगितलं असेल," ती म्हणाली. "नाव मीच धरून बसले होते."

शनिवारी लग्न झालं. भिंत अजून ओलसर होती, म्हणून तिला टेकू नये असं प्रत्येकाला सांगितलं, आणि वराच्या मामाच्या पाठीवर दिवसभर नक्षी दिसत होती. नाव घातलेले गोटे साठ होते. गाव अख्खा आला. ज्यांना गोटा मिळाला नाही, ते ओढ्यावर जाऊन आपापला घेऊन आले. लिनेओ सुखाने रडली. त्या चालत्या फुलांना पुढे त्या भागात 'फ्रिजवाल्याची नक्षी' म्हणू लागले, आणि आता ती बऱ्याच घरांवर दिसते. पण केनेवेच्या हातची लांबून ओळखू येते.

रापेलांगने ब्लोमफाँटेन सोडून सीमेच्या अलीकडे मासेरूत फ्रिजदुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं. लिनेओने खूप सांगितलं, सगळं हाताने करू या. केनेवेने भिंत तेवढी हाताने केली आणि बाकी तंबू, प्लास्टिकची फुलं आणि सॅटिनचे झगे घातलेल्या खुर्च्या भाड्याने आणल्या. गावातल्या बायका त्या झग्यांवरून हात फिरवत संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या.

तिथे सुनेला सासरी नवं नाव मिळतं. पहिला मुलगा होईल त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं, आजोबांचं. आणि सून त्या मुलाची आई म्हणून, त्याच्या नावाआधी 'मा' जोडून, ओळखली जाते. नाव ठेवायचा मान आत्याचा. मात्सेलिसो आत्या सगळ्यांसमोर उभी राहिली आणि रीतीप्रमाणे तिने नाव जाहीर केलं — मालेत्सोपा.

तेव्हापासून दवाखान्यात कुणी नाव विचारलं, की केनेवे ओळखपत्र काढून दाखवते.